मागे राहिलेल्या वर्षाची फी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते मुलांचे फीमाफीचे अर्ज स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे, हे या सभागृहातल्या अनेकांना आठवत असेल. आज मी त्या अर्जाविषयीच बोलणार आहे, पण पहिल्या वर्षीच्या नव्हे. शिष्यवृत्ती मिळते कशी, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. शिबिरं होतात, पत्रकं निघतात, शेवटच्या तारखा फोनवर फिरत राहतात. पण मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी टिकते कशी? आणि सुटते ती नेमकी कुठे? यावर फारसं कुणी बोलत नाही. ज्याची सुटते तो गावी परत जातो. परत गेलेल्यांच्या सभा होत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. शिष्यवृत्तीला अट असावी. जरूर असावी. पण विद्यार्थी त्या अटीत बसत नाही, तेव्हा 'का रे बाबा, काय झालं?' असं विचारणारा आणि उत्तर ऐकून सही करू शकणारा एक माणूस त्या व्यवस्थेत असावा. असा माणूस आपल्या नियमांत होता. आपण तो हरवत चाललो आहोत.

पहिला मुद्दा इतिहासाचा. शिकणाऱ्याला पैसा दिला आणि त्याला अट घातली, ही काही आजची गोष्ट नाही. पेशवाईतली पुण्याची दक्षिणा घ्या. श्रावणात विद्वान ब्राह्मणांची परीक्षा घेऊन ती दिली जायची. इंग्रजी अमलात त्याच निधीतून पुढे दक्षिणा फेलोशिप निघाल्या. त्या मिळवणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ सालची. तिच्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांतले ते एक. अभ्यासात कुठे कमी नाहीत. आणि तरी एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने थांबली होती. कशासाठी? एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्य उणं ठरवलं. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. ज्या सरकारच्या पैशावर शिकतोस त्याचीच निंदा करतोस, असा त्यांचा रोख होता.

ही हकिकत रानड्यांच्या चरित्रांत सापडते, आणि आपण ती त्यांच्या बाणेदारपणासाठी सांगतो. मला तिच्यात दुसरंच दिसतं. प्रगतीची अट आणि वागणुकीची अट एकाच कागदावर लिहिलेल्या असतात. आजही 'नियमित हजेरी, समाधानकारक प्रगती आणि चांगली वर्तणूक' हे तीन शब्दप्रयोग हातात हात घालूनच येतात. त्यातलं कोणतं कधी पुढे करायचं, हे देणाऱ्याच्या हाती असतं. म्हणून सही करणारा माणूस हवा असं मी म्हणतो तेव्हा तो माणूस कोण, हा प्रश्नही माझ्या डोळ्यांपुढे आहे. ग्रँटही सही करणारा माणूसच होता.

दुसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेच्या शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. त्याबद्दल बडोद्याची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियातली तीन वर्षं संपल्यावर ते १९१६ मध्ये लंडनला गेले, एक वर्ष वाढवून मिळालं, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट. खिशात पैसा नाही. परतावं लागलं.

आता इथे जरा थांबू या. त्या दिवशी बाबासाहेबांची 'प्रगती' काय होती? लंडनची पदवी हातात नव्हती. आजच्या कुठल्याही पोर्टलवर त्यांच्या नावापुढे 'अभ्यासक्रम अपूर्ण' असाच शेरा पडला असता. मग तरलं कशामुळे? चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करायची परवानगी त्यांना मिळाली होती, त्यामुळे. पैसा थांबला, पण जागा राखली गेली. मुंबईला येऊन सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. मधली तीन वर्षं कुणी 'खंड' म्हणून मोजली असती, तर?

हेच बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर गेले, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. आज देशभर लाखो मुलं जिच्यावर शिकतात ती हीच योजना. तिच्या मुळाशी असा माणूस आहे की ज्याची स्वतःची शिष्यवृत्ती मध्येच संपली होती. हे मी का सांगतो, ते थोड्या वेळाने कळेल.

दुसरा मुद्दा आजचा, आपल्या हैदराबादचा. अविभाजित आंध्रात २००८ च्या सुमारास फी रीइम्बर्समेंट सुरू झाली आणि तेलंगणात ती चालू राहिली. मूळ कल्पना मोठी होती: गरिबाच्या मुलाची कॉलेजची फी सरकार भरणार. इंजिनिअरिंगला मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलाची प्रवेश परीक्षेतली रँक दहा हजारांच्या आत असेल तर पूर्ण फी, नाहीतर पस्तीस हजारांपर्यंत. वर राहण्याजेवण्यासाठी निर्वाह भत्ता. पहिल्यांदाच शिकणारी घरंच्या घरं यातून वर आली. आपल्यातही अशी घरं आहेत. त्यांना हात वर करायला सांगत नाही, पण ती आहेत.

बदल्यात मुलाने काय करायचं? पंचाहत्तर टक्के हजेरी, आणि दरवर्षी वरच्या वर्गात जाणं. जेएनटीयू या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कॉलेजांत वरच्या वर्गात जायला क्रेडिटचा ठरावीक हिस्सा मिळवावा लागतो. नियमावली बदलली की तो हिस्सा बदलतो. हजेरी पासष्ट ते पंचाहत्तरच्या मध्ये असेल तर आजारपणाचं सर्टिफिकेट लावून 'कंडोनेशन', म्हणजे माफी, मिळतं. पासष्टच्या खाली गेलात की डिटेन. सप्ली, म्हणजे पुरवणी परीक्षा, देऊन सुटता येतं, बॅकलॉग घेऊन पुढे जाता येतं. पण डिटेन झालेलं पोर मागच्या बॅचमध्ये बसतं, आणि ज्या वर्षी मागे राहिलं त्या वर्षाची फी त्याच्याच घरच्यांच्या माथी येते.

केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीत पुढच्या वर्षासाठी पन्नास टक्के गुण आणि पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. तेलंगणाच्या आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधीत परदेशी पोचल्याचा कागद दाखवल्यावर दहा लाख आणि पहिल्या सत्राचा निकाल दाखवल्यावर उरलेले दहा लाख. प्रत्येक ठिकाणी आकडे वेगळे, पण म्हणणं एकच: पुढे गेलास तर पैसे.

हे म्हणणं चुकीचं आहे का? नाही. पैसा लोकांचा आहे. शिवाय हजेरीची अट कडक झाली ती मुलं आळशी होती म्हणून नव्हे. फी सरकार भरणार म्हटल्यावर नुसती पाटी लावलेली कॉलेजं उगवली. मुलं कागदावर, फी खात्यात. महाराष्ट्रातही शिष्यवृत्तीच्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमावं लागलं होतं. म्हणून अंगठ्याची मशीन आली, म्हणून आधार जोडणी आली. अट आली ती संस्थाचालकाला पकडायला. पण अंगठा रोज कुणाचा लागतो? आणि एक दिवस लागला नाही, तर नुकसान कुणाचं होतं?

आता मी तुम्हांला एक हिशेब करून दाखवतो. ही कुणा एकीची गोष्ट नाही. शिकवताना कानावर आलेल्या दोन-तीन मुलींच्या हकिकती एकत्र करून मांडतो आहे. मुलगी आदिलाबादकडच्या सरहद्दीवरच्या गावातली. घरी मराठी, शाळा तेलुगू, आणि बी.टेक. एकदम इंग्रजीत. राहायला सरकारी हॉस्टेल. सत्राचे कामाचे दिवस नव्वद धरू. पावसाळ्यात डेंग्यू झाला. ताप आणि नंतरचा अशक्तपणा मिळून वीस दिवस गेले. वडिलांना दवाखान्यात ठेवलं, घरात दुसरं कुणी नाही, आठ दिवस. झाले अठ्ठावीस. आणि आणखी पाच दिवस. ते कशाला गेले, ऐका. उत्पन्नाचा दाखला काढायला गावाकडच्या मीसेवा या सरकारी सेवा केंद्रात दोन दिवस, कारण पहिल्या दिवशी तहसीलदार नव्हते. बँकेचं खातं आधारशी जोडायला एक दिवस. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मेमोवर एक आणि आधारवर दुसरं, ते दुरुस्त करायला एक दिवस. सगळे कागद घेऊन मासब टँकच्या संक्षेम भवनात, म्हणजे कल्याण खात्याच्या कचेरीत, एक दिवस.

एकूण गैरहजेरी तेहेतीस. हजेरी सत्तावन्न. नव्वदातले सत्तावन्न म्हणजे त्रेसष्ट टक्के. पासष्टच्या खाली. डिटेन.

आता ते पाच दिवस परत मिळवा. हजेरी बासष्ट, म्हणजे जवळजवळ एकोणसत्तर टक्के. सर्टिफिकेट लावलं असतं, कंडोनेशन मिळालं असतं, मुलगी परीक्षेला बसली असती. शिष्यवृत्तीचे कागद गोळा करण्यात जे दिवस गेले, त्यांनीच तिची शिष्यवृत्ती घालवली. हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. तिला फक्त भिंतीवर लावलेली यादी दिसली.

तुम्ही म्हणाल, कॉलेजला वेळेवर कळवायचं तरी. खरं आहे. पण एकोणीस वर्षांच्या, घरात कॉलेज पाहिलेलं माणूस नसलेल्या मुलीने तापातून उठून कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज कोणत्या तारखेच्या आत द्यायचा, हे तिला कुणी सांगायचं होतं? आपल्या मुलांना आपण सांगतो. आपली मुलं आपोआप हुशार नसतात. त्यांच्या मागे नियमावली वाचणारे आईबाप असतात, ओळखीचा क्लार्क असतो, ट्यूशनचे पैसे असतात. तिच्या मागे कोण आहे? हॉस्टेल म्हणाल, तर तेलंगणात नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या मुलांच्या हॉस्टेलचे मेस चार्जेस महिना पंधराशेवरून एकवीसशे झाले. चांगलंच झालं. तरी दिवसाला ते सत्तर रुपये होतात. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा, सगळं सत्तर रुपयांत. डेंग्यूतून उठलेल्या मुलीला त्यात किती दूध मिळत असेल, याचा अंदाज सभागृहातल्या आयाबायांनी करावा.

तिसरा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा.

त्या १९४४ च्या मॅट्रिकोत्तर योजनेच्या मार्गदर्शक सूचना नव्याने लिहिल्या जाण्याआधी, अनेक वर्षं, त्यांत काही कलमं होती. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचली. पहिलं असं की वैद्यकीय, इंजिनिअरिंग अशा वरच्या गटातल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला, तरी शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवता येईल. दुसऱ्यांदा नापास झाला तर वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याचा त्याने करायचा. म्हणजे एक वर्ष सरकारने पदरात घेतलं होतं! लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की गावच्या शाळेतून मेडिकलला आलेलं पोर पहिल्या वर्षी धडपडणार.

दुसरं कलम त्याहून मोठं. आजारपणामुळे किंवा अचानक आलेल्या अडचणीमुळे विद्यार्थी परीक्षेला बसू शकला नाही, तर पुराव्यांसह अर्ज करावा. आणि संस्थेच्या प्रमुखाने प्रमाणपत्र द्यावं की हा विद्यार्थी परीक्षेला बसला असता तर उत्तीर्ण झाला असता. बसला असता तर! सरकारी नियम प्राचार्यांना सांगतो आहे की न घडलेल्या परीक्षेबद्दल तुमचा शब्द आम्ही मानतो, कारण तुम्ही त्या मुलाला ओळखता. प्राचार्यांनी मुलाला ओळखावं, ही अपेक्षा त्या वाक्यात आहे. ओळखत नसाल तर सही कशी कराल?

मी म्हणतो तो सही करणारा माणूस हा. ऑनलाइन अर्जाने फायदे पुष्कळ केले. मधले दलाल गेले, पैसा थेट खात्यात येऊ लागला, आणि ते कुणी नाकारू नये. पण रिन्युअलच्या अर्जात हजेरीचा आकडा भरतात, निकाल भरतात. 'बसला असता तर' हे कोणत्या चौकटीत भरायचं? तुमच्या कॉलेजात जाऊन विचारा.

अमेरिकेत आपल्यापैकी अनेकांची नातवंडं शिकतात, म्हणून तिथलं थोडं. संघराज्य सरकारची विद्यार्थी मदत टिकवायला तिथेही प्रगतीची अट आहे, आणि ती मऊ नाही. दोन वर्षांच्या अखेरीस सरासरी 'सी' दर्जाची हवी, आणि पदवी ठरलेल्या मुदतीच्या दीडपटीच्या आत पुरी होण्यासारखी हवी. पण घसरलेल्या विद्यार्थ्याचं पुढे काय, हेही नियमातच आहे. कॉलेज दर सत्राला तपासणी करत असेल, तर आधी ताकीद देऊन एक सत्र मदत चालू ठेवता येते. मग कॉलेजाने मुभा ठेवली असेल तर अपील. जवळच्या माणसाचा मृत्यू, दुखापत, आजारपण किंवा तशीच विशेष परिस्थिती सांगायची. दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: का घसरलो, आणि आता काय बदललं आहे. अपील मान्य झालं तर परिवीक्षा, आणि गरज पडली तर विद्यार्थ्यासाठी अभ्यासाचा लेखी आराखडा. अमेरिकेचं सगळं घ्या असं मी म्हणणार नाही. तिथली मुलं कर्जात बुडालेली आहेत. पण 'का घसरलास' आणि 'आता काय बदललं' हे दोन प्रश्न मात्र आपण घ्यावेत. ते विचारायची सोय आपल्या त्या जुन्या कलमांत होती. आपण विचारायचं सोडलं.

चौथा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो माहीत आहे. मुलाच्या प्रगतीची तपासणी दरवर्षी होते. सरकारच्या प्रगतीची कोण करतो? फी रीइम्बर्समेंटची थकबाकी वाढत वाढत अशी झाली की २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या खासगी कॉलेजांनी काही दिवस टाळं लावलं. दरम्यान मुलाला काय ऐकावं लागतं? सरकारकडून पैसे आले नाहीत, तू भर, नाहीतर ओरिजिनल्स मिळणार नाहीत. पास झालेलं पोर मेमोसाठी अडून बसतं, नोकरीवर रुजू व्हायची तारीख निघून जाते. संशोधक विद्यार्थ्यांची फेलोशिपही तशीच. दोन वर्षांनी समितीपुढे काम मांडायचं, मग ज्युनिअरची सीनिअर. अधूनमधून विद्यापीठाने पोर्टलवर दुजोरा द्यायचा. दुजोरा राहिला तर पैसा थांबतो, आणि तो राहिला यात मुलाचा काही दोष नसतो.

हैदराबादेत या विषयावर बोलताना रोहित वेमुलाचं नाव टाळता येणार नाही. हैदराबाद विद्यापीठातल्या या संशोधक विद्यार्थ्याने १७ जानेवारी २०१६ ला आत्महत्या केली. त्या प्रकरणाच्या वादात मी आज जात नाही. पण त्याने शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशेब लिहून ठेवला होता, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, आणि ते पैसे घरच्यांना मिळावेत अशी विनंती केली होती. आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, इथून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शादनगरात, दिल्लीच्या नामांकित कॉलेजात शिकणारी, बारावीला उत्कृष्ट गुण मिळवलेली, केंद्राच्या शिष्यवृत्तीला निवडली गेलेली एक मुलगी गेली. टाळेबंदीत पैसे आले नव्हते. एवढंच म्हणतो: ही मुलं अभ्यासात मागे नव्हती.

मग आपण काय करायचं? ही शेवटची गोष्ट, आणि तिच्यासाठी मी आलो आहे.

निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणाला थारा नव्हता, त्या काळात केशवराव कोरटकरांसारख्या माणसांनी या शहरात विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी केली. ते वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. फीची, पुस्तकांची, जेवणाची सोय पाहणं हे त्या पिढीला शिक्षणाचंच काम वाटायचं. आपल्याला आज संस्था काढायची गरज नाही. मधे उभं राहणारी माणसं हवी आहेत.

या सभागृहात तीन-चार प्राचार्य बसलेले मला दिसतात. त्यांना माझी विनंती अशी. सत्राच्या मध्यावर हजेरीचा तक्ता निघतो. त्यात सत्तरच्या खाली असलेल्या प्रत्येक शिष्यवृत्तीधारक मुलाला यादी लागायच्या आधी बोलवा. वर्गशिक्षकाने दहा मिनिटं बसावं आणि तेच दोन प्रश्न विचारावेत. उत्तर कागदावर लिहावं, मुलाची सही घ्यावी, आपली करावी. वैद्यकीय कागद तिथल्या तिथे जमा करून घ्यावेत. आणि शिष्यवृत्तीच्या कामासाठी सरकारी कचेरीत गेलेला दिवस, कचेरीची पावती दाखवली तर, कॉलेजच्या कामाचा दिवस म्हणून हजेरीत धरता येईल का, हे विद्यापीठाला लेखी विचारावं. खेळाडूला मैदानावरचे दिवस मिळतात, एन.सी.सी.च्या मुलाला शिबिराचे मिळतात. मीसेवाच्या रांगेतला दिवस का मिळू नये?

बाकीच्यांना, विशेषतः बँकेतून, सचिवालयातून, बी.एच.ई.एल.मधून निवृत्त झालेल्या मंडळींना. तुम्ही आयुष्यभर फायली वाचल्या आहेत. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो, हे तुम्हांला डोळे मिटून कळतं. महिन्यातून दोन सकाळी या मुलांसाठी द्या. पैसे नकोत. बरोबर जाऊन कचेरीत उभं राहायचं, फॉर्मवरचं नाव आणि आधारवरचं नाव ताडून पाहायचं, अपीलाचं पत्र नीट लिहून द्यायचं. नांदेड-देगलूरहून आलेलं मूल असेल तर त्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तेलंगणा देत नाही, ती त्याच्या मूळ राज्याने द्यायची असते, हे आधी सांगायचं. नाहीतर ते सहा महिने चुकीच्या दारात उभं राहतं.

बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. आपलं नाव, फोन नंबर आणि कोणत्या वारी मोकळे आहात ते लिहा. कोणकोणत्या भाषा बोलता येतात तेही लिहा. आदिलाबादच्या बाजूने येणारी मुलं मराठी बोलतात, तेलुगू बोलतात, काही गोंडी बोलतात. गोंडी येणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांचाही नंबर द्या. या सत्राच्या हजेरीच्या याद्या लागायला अजून वेळ आहे. पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला, याच इमारतीत खालच्या खोलीत आहे.